दुपारचे तीन तास

४ जानेवारी

छोटे,

आधी तुला हवी ती बातमी: आई बरी आहे. जेवते, झोपते, केस विंचरू देते.

फोन तू उचलत नाहीस. मेसेजही तुझ्यापर्यंत पोचत नाहीत, म्हणजे माझा नंबर तू बंद करून ठेवला आहेस. ठेव. पत्राला तसलं बटण नसतं. फार तर फाडशील, पण फाडण्याआधी वाचशीलच. लहानपणी माझी डायरी वाचायला कपाटावर चढलेली मुलगी तू.

आमच्याकडे आईसाठी बाई ठेवली आहे. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, रविवारी सुट्टी. माझ्याहून चारेक वर्षांनी लहान असतील, पण सगळे त्यांना मावशी म्हणतात म्हणून मीही म्हणते, आणि त्या मला ताई म्हणतात. या हिशेबाने आमचं नातं काय लागतं हे देवच जाणे. आधी त्या एका आजोबांकडे होत्या. आजोबांचा आजार मोठा होता, शेवटचे आठ महिने मावशींनीच काढले. हात अगदी हलका आहे. आईला आंघोळ घालताना आई ओरडली नाही, हे तुला सांगून खरं वाटणार नाही.

आणि गंमत म्हणजे मावशींना क्रॉसस्टिचचं भरतकाम येतं! पहिल्याच दिवशी माझी रिंग उचलून म्हणाल्या, "ताई, वरची तिरपी इथे उलटी पडली बघा." बरोबर होतं. चारशे फुल्यांमध्ये एक उलटी, आणि ती त्यांना दिसली. आपल्या आईनंतर एवढी नजर मी कुणाची पाहिली नाही.

मी सध्या तळ्याचं चित्र घेतलंय. काठावर झाडं, एक होडी, मागे डोंगर. निळ्याच्याच अकरा छटा. दोन वर्षांपूर्वी मॅटीचं कापड आणि लड्या आणून ठेवल्या होत्या, पण आईमुळे त्या चारशे फुल्यांपुढे सुई हातात धरायची सोय नव्हती. मी साडेबाराला शाळेच्या ऑफिसातून सुटते, एकला घरी येते आणि तीनला आई सुरू होते. "मला घरी जायचंय." अगं आई, हे घरच आहे. "नाही, माझ्या घरी. छोटी एकटी आहे." मग दार धडधडवणं, चपला शोधणं, माझ्या दंडाला चावणं. हे तुला माहीत नाही, कारण तू आलीस ते चार दिवस ती तुझ्यासमोर शहाण्या बाळासारखी बसली होती.

तेव्हा दारात जाता जाता तू जे बोललीस ते मी कुणाला सांगितलेलं नाही. ह्यांनाही नाही.

ताई


२७ जानेवारी

छोटे,

उत्तर नाही, तरी लिहिते. सांगण्यासारखं साठलं की मला बोलल्याशिवाय राहवत नाही, आणि घरात ऐकणारं कोण आहे? तुझे भावोजी दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांना "हे अक्षर दिसतं का, ते दिसतं का" विचारून घरी येतात, तेव्हा त्यांना कुणाचंच काही बघायचं किंवा ऐकायचं नसतं. लेक हॉस्टेलवर. ती फोन करते, पण तिचा अर्धा फोन "आई, ठेवते गं" यातच जातो.

आता माझी दुपार कशी जाते ते ऐक. एकला जेवण. दीडला आई आडवी होते. मग खिडकीशी वेताची खुर्ची, मांडीवर तळं, शेजारी स्टुलावर चहा. चहा गरम असतानाच पिऊन होतो! सहा पदरी दोऱ्याचे दोन पदर सोडवताना जो बारीक सरसर आवाज येतो ना, तो मी कितीतरी वर्षांनी ऐकला. एका बाजूने डोंगर भरत आणलाय. हात दुखले की रिंग ठेवते आणि कादंबरी घेते.

घड्याळजीच्या घराण्याची काढली आहे, तिन्ही भाग. आठवतं? आपण दोघी खाली चटईवर टाके घालायचो आणि आई खुर्चीत बसून मोठ्याने वाचायची. मधली मुलगी आपली लाडकी. आणि तू सोळाव्या वर्षी स्वतः पुस्तक हातात घेतलंस तेव्हा कळलं की मधली दुसऱ्याच भागात तापाने जाते! आई वाचत होती तेव्हा तू जेमतेम सात वर्षांची होतीस आणि नुकतीच तापातून उठली होतीस, म्हणून आईने तिला मरू दिलं नव्हतं. बरं, तेवढ्यावर थांबावं की नाही? तिसरा भाग अख्खा, चारशे पानं, आई तिला जिवंत ठेवून वाचत गेली. तिच्या तोंडी स्वतःची वाक्यं घातली, तिचं लग्न लावलं. तू दोन दिवस आईशी बोलली नव्हतीस. "तू मला फसवलंस," म्हणत होतीस. मी मात्र तेव्हाही म्हटलं होतं, काय बिघडलं? आपण सुखात ऐकलं ना?

आता मी परत वाचतेय आणि तिसऱ्या भागात ती नाही हे मला अजून खोटंच वाटतं.

आई फारच शांत झाली आहे. तीनचे चार होतात, चारचे पाच, हूं की चूं नाही. शेजारच्या काकू काल जिन्यात म्हणाल्या, "आजी गावाला गेल्या का हो?" मी म्हटलं, नाही, आता रुळल्या. रविवारीसुद्धा शांत असते. एकूण सगळं छान चाललंय.

ताई


१६ फेब्रुवारी

छोटे,

तुझं कार्ड आलं. तीन वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. अजून 'र' तसाच काढतेस, पाय मुडपून बसल्यासारखा.

एवढंच लिहिलंस: "आई अजून सुईत दोरा ओवते का?"

आधी दुसरं सांगते. तळ्याचा वरचा भाग पूर्ण झाला. होडीला लागणारा तपकिरी दोरा संपला आणि त्याच नंबरची लडी मिळेना, तेव्हा मावशींनी कुठून तरी आणून दिली. मी त्यांना घड्याळजीचा पहिला भाग दिला, कायमचा. आपली जुनी प्रत, निळ्या पुठ्ठ्याची. तुला राग येईल कदाचित. पण घरात कुणीतरी वाचणारं आहे याचं मला इतकं बरं वाटतं. त्या स्वयंपाकघरात आईचं सूप गाळत असतात, मी ओट्याला टेकून उभी राहते आणि आम्ही घड्याळजीच्या थोरल्या मुलावर तोंडसुख घेतो. त्या म्हणतात, "असे पुरुष मी चार घरांत बघितलेत ताई, फक्त घड्याळं नव्हती त्यांच्याकडे." पोट धरून हसलो.

शनिवारी लेक आली होती. आजीजवळ बसली तासभर. बाहेर येऊन म्हणाली, "आई, आजी बोलत का नाही?"

मी म्हटलं, झोपेत आहे.

"डोळे उघडे आहेत गं तिचे."

मी म्हटलं, वय झालं आता.

"दिवाणावर तिचं कापड होतं ते बघितलंस का?"

मी बघितलं नव्हतं, मग बघितलं. मावशी तिला एक लहानसा तुकडा आणि लाल दोरा देतात, हात चालता राहावा म्हणून. आईने एकच तिरपी घातली होती, सगळीकडे. फुली एकही पुरी नाही. पुढे पुढे तर दोरा नुसता सोडून दिलेला, सुई लोंबत होती. मी ती काढून ठेवली, टोचेल म्हणून.

लेक जेवली नाही नीट. जाताना आजीच्या कपाळाचा मुका घेतला आणि माझ्याकडे न बघता जिना उतरली. तुझीच भाची.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर: डिसेंबरात ओवत होती. चष्म्याशिवाय, पहिल्या झटक्यात. माझ्यावर ओरडत असतानासुद्धा.

ताई


१ मार्च

छोटे,

काल जरा वाजलं आमच्यात. तुझे भावोजी कधी नव्हे ते आईच्या खोलीत गेले, पंखा नीट फिरत नव्हता म्हणून. बाहेर आले ते हात पुसत, आणि माझ्या समोर बसले.

"आईंच्या डोळ्यांतल्या बाहुल्या बघितल्यास?"

"का?"

"टाचणीच्या डोक्याएवढ्या झाल्यात. खोलीत अंधार आहे, मोठ्या व्हायला हव्यात. मी पंचवीस वर्षं डोळेच बघतोय. हे बरोबर नाही."

मी म्हटलं, तुम्ही चष्मेवाले, डॉक्टर नाही.

"म्हणूनच म्हणतो, डॉक्टरला दाखवू. उद्या."

मी म्हटलं, सोमवारी. मग म्हटलं, पुढच्या सोमवारी, कारण ऑफिसात परीक्षांची कामं आहेत. त्यांचा स्वभाव तुला माहीत आहे, एकदा सांगतात आणि मग वाट बघतात. वाट बघणारी माणसं फार त्रास देतात.

आणखी एक सांगून टाकते. परवा साखर संपली म्हणून वरच्या फळीवरून मोठा डबा काढला, तर त्यामागे एक तपकिरी बाटली. औषधाची. चिठ्ठीवरचं नाव ओलं करून खरवडलेलं, पण नखाने पुरतं निघालं नव्हतं. 'आजोबा' असं कुणी चिठ्ठीवर लिहीत नाही, पण पुरुषाचं नाव होतं एवढं कळत होतं. अर्ध्याहून कमी उरलं होतं.

खोकल्याचं असेल. मावशींना अधूनमधून खोकला येतो.

मी ती होती तशी ठेवली, चिठ्ठी भिंतीकडे करून. मग चहा केला आणि होडीची एक बाजू पूर्ण केली.

तू विचारशील, मावशींना विचारलंस का? अगं, इतक्या चांगल्या बाईला कसं विचारायचं? मनाला लावून घेतलं आणि उद्यापासून आल्याच नाहीत तर? मग तीन वाजता कोण?

ताई


११ मार्च

छोटे,

तुझे भावोजी म्हणाले की त्यांच्या फोनवरून तू बोललीस आणि शनिवारी सकाळच्या गाडीने पोचतेस. मी शेजारीच उभी होते. "ताईला देऊ का?" त्यांनी विचारलं आणि मग फोन खिशात ठेवला. कळलं मला.

काय झालं ते त्यांनी सांगितलंच असेल. काल रविवार. दुपारी साडेचारला मी आईच्या खोलीत गेले तर तिचे ओठ निळसर होते. श्वास घ्यायची, मग इतका वेळ थांबायची की वाटायचं आता संपलं, आणि मग एक घ्यायची. मी हाका मारल्या, हलवलं. ह्यांनी रुग्णवाहिका बोलावली. जिना अरुंद, स्ट्रेचर वळेना, शेवटी दोघांनी चादरीत घालून खाली नेली.

दवाखान्यात सुई दिल्यावर दहा मिनिटांत तिने डोळे उघडले आणि डॉक्टरांच्या हाताला चावली. नर्स हसली. मी हसले नाही.

डॉक्टरीणबाई लहान आहेत वयाने, पण बोलणं सरळ. "यांच्या अंगात वेदनेवरचं जड औषध सापडलंय. शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांना देतात ते. यांना कुणी दिलं?"

मी म्हटलं, आमच्याकडे एक बाई आहेत, पूर्वी अशाच एका रुग्णाकडे होत्या.

ह्यांनी घरी जाऊन बाटली शोधली. मी सांगितलं कुठे बघायचं ते. नंतर लक्षात आलं की मी ते सांगायला नको होतं, पण त्यांनी काही विचारलं नाही. ते तिथूनच पोलिसांकडे गेले.

तू ये. आई धोक्याबाहेर आहे.

ताई


१५ मार्च

छोटे,

हे पत्र टाकत नाही, तुझ्या भावोजींच्या हातात देते. उद्या सकाळी ते तुला घ्यायला येतील. त्यांना सांगितलंय की आत आईच्या औषधांची यादी आहे. दवाखान्यात पोचायच्या आत, गाडीत वाच.

काल मावशी दवाखान्याच्या फाटकाशी उभ्या होत्या. दोनदा चौकशीला बोलावून झालं होतं, चेहरा उतरला होता. मला वाटलं पाया पडतील, नाहीतर शिव्या देतील. त्यांनी फक्त विचारलं, "ताई, रविवारी मी कुठे होते?"

मी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिले.

"मी अर्धा चमचा देत होते. चूक माझी आहे, मी तसं लिहून दिलंय. पण मी रविवारी नव्हते, ताई. आणि बाटलीत किती उरलंय ते मला रोज कळत होतं." मग म्हणाल्या, "तुमचं नाव मी अजून घेतलेलं नाही. तुम्ही घ्याल म्हणून थांबले."

आता सगळं सांगते. एकदाच सांगेन, मध्ये थांबले तर परत जमणार नाही.

मावशी येऊन तीनच दिवस झाले होते. आईने त्या दिवशी चहाचा कप माझ्या तळ्यावर ओतला. मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्यावर डोकं ठेवून रडले आणि मावशींना म्हटलं, "काय वाटेल ते करा, पण मला दुपारचे तीन तास द्या. कसे देता ते मला सांगू नका." हेच शब्द. त्यांनी गॅस बंद केला. मग मान हलवली. चौथ्या दिवसापासून आई झोपायला लागली.

मी कधी विचारलं नाही. पण मला माहीत होतं. बाटली मला परवाच सापडली असं एक तारखेच्या पत्रात लिहिलं ते खोटं. जानेवारीतच सापडली होती. आणि रविवारी आई शांत असते असं मी तुला मोठ्या कौतुकाने लिहिलं होतं. वाचताना तुला काही वाटलं नाही का? मावशींना रविवारी सुट्टी असते.

मीच देत होते. सूपमध्ये. पहिल्या रविवारी अर्धा चमचा, तोही दोनदा परत बाटलीत ओतून. दुसऱ्या रविवारी एकदाही परत ओतला नाही. गेल्या रविवारी ती अडीचलाच सुरू झाली, "छोटी एकटी आहे, छोटी एकटी आहे." मला होडीच्या शेवटच्या दोन रांगा घालायच्या होत्या. मी पूर्ण चमचा दिला. दहा मिनिटांनी तिचं चालूच होतं, म्हणून आणखी एक दिला. दुसरा घेताना तिने तोंड स्वतःहून उघडलं, मला बघून हसलीही थोडी. मग मी खिडकीशी जाऊन बसले. होडी पूर्ण केली. मागच्या गाठी कापल्या. कापडाला इस्त्री केली. हे सगळं होईपर्यंत साडेचार झाले.

तिला मारायचं माझ्या मनात नव्हतं. हे मी पाच दिवस स्वतःला सांगतेय, आणि ते खरं आहे. पण तिच्या खोलीच्या दाराशी पोचले आणि आतून श्वास ऐकू येईना, तेव्हा क्षणभर मला जे वाटलं ते भीतीसारखं नव्हतं. ते काय होतं ते मी लिहिणार नाही. तू ओळखशील.

तीन वर्षांपूर्वी तू आईच्या मनगटावरचे वळ पाहिलेस. मी सांगितलं, घड्याळाचा पट्टा घट्ट झाला. तू म्हणालीस, "ताई, आई घड्याळ घालत नाही." तो माझ्या गाऊनचा पट्टा होता. खुर्चीच्या हाताला बांधत होते, भाजी चिरून होईपर्यंत. जाताना दारात तू म्हणालीस, "एक दिवस तू तिला संपवशील आणि वर रडशील." मी तीन वर्षं तुझा राग केला तो या वाक्यासाठी. तुला चुकीचं ठरवायला म्हणून तर ही सगळी पत्रं लिहायला घेतली होती.

तेव्हा तू म्हणाली होतीस की आईला मी नेते. मी नाही म्हटलं. का, ते आता कळतं. लोक म्हणायचे, थोरलीने किती केलं आईचं. तेवढं एकच कौतुक मला आयुष्यात मिळालं होतं, ते सोडवेना.

ह्यांना अजून माहीत नाही. की माहीत आहे? परवापासून ते चहा स्वतःचा स्वतः करून घेतात.

उद्या दहाला आईला सोडणार आहेत. मी चौकीवर जाऊन सांगणार आहे, पण तू आल्यानंतर. आधी गेले तर तिच्याजवळ कुणी उरत नाही. हे कारण खरं आहे की माझी पळवाट, तेही मला आता नीट कळत नाही. म्हणून हे पत्र जपून ठेव. संध्याकाळपर्यंत मी गेले नाही तर तूच नेऊन दाखव. त्या बाईने माझी वाट बघत उभं राहू नये.

काल डॉक्टरीणबाईंनी सोडण्याचा कागद भरला. "घरी कोण बघणार?" त्यांनी विचारलं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, नर्सने बघितलं, शेजारच्या खाटेवरच्या आजींनीसुद्धा बघितलं. आणि माझ्या तोंडून आपोआप "मी" निघालं. कागदावर माझं नाव आहे. ते खोडायला लाव, तुझं घालायला सांग, खाली तुझी सही कर.

मी खाटेशेजारी बसलेली असेन. आईचा हात माझ्या हातात असेल. कदाचित मी रडत असेन, आणि ते रडणं खोटं नसेल. तुला माझी दया येईल. आई माझ्याकडे बघून हसेलही, तिला काही आठवत नाही.

तरी तिला माझ्याकडे देऊ नकोस.

ताई